कवंदीची फुलं

अमेरिकेतल्या बॉथेलमधला पाऊस पडत नाही, नुसता हवेत असतो. केसांवर येऊन बसतो, पापण्यांवर थांबतो, आणि आपण भिजलोय हे घरी पोचल्यावरच कळतं. म्हणून इथं कुणी छत्री घेत नाही. चारुतानंही घेणं सोडून दिलं होतं.

पण ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी तो खरंच पडायला लागला. लॅबमधून सुटून ती नदीकाठच्या वाटेनं घरी निघाली होती, कानात फोनवर निधी बडबडत होती. दोघी नागपूरच्या, एकाच कॉलेजातल्या. निधी आता न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहायची. लाकडी पूल ओलांडेपर्यंत चारुताचा कोट जड झाला. घराच्या वाटेपासून जरा बाजूला विटांची एक जुनी इमारत होती, तिच्या व्हरांड्यात ती पळत जाऊन उभी राहिली.

"आडोसा मिळाला का?" निधीनं विचारलं.

"मिळाला. ते बाओबाब हाउस आहे ना, तिथे उभी आहे. आफ्रिकेतून, कुठून कुठून आर्टिस्ट येऊन राहतात बघ इथे."

"एकटीच आहेस?"

चारुतानं तिरक्या नजरेनं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. "नाही. एक जण आहे. बाकावर बसून शिवतोय."

"शिवतोय?"

"हो ना, सुई-दोरा घेऊन. त्यांच्यातलाच आर्टिस्ट असणार. काय उंच आहे यार... आणि बोटं अशी चालतायत की बघतच राहावं." तिनं आवाजही खाली आणला नाही. इथं कुणाला कळणार होतं? "आत्ता हसला बघ स्वतःशीच. दोन्ही गालांना खळ्या पडतात."

"एकाच," बाकावरून आवाज आला.

चारुता थिजली.

"खळी एकाच गालाला पडते," तो सुईवरची नजर न हलवता, अगदी शांतपणे म्हणाला. "दुसरीकडं दिसते ती लहानपणी झाडावरनं पडल्याची खूण आहे."

"कोण बोललं गं?" निधी फोनमधून विचारत होती. चारुतानं फोन बंद केला. पावसात निघून जावं की जमिनीत शिरावं, तिला ठरवता येईना.

"तुम्ही... मराठी?"

"मराठी नाही. पण मराठी येते की." आता त्यानं वर पाहिलं. डोळे मिस्कील होते, पण त्रास देणारे नव्हते. "मंजुनाथ सिद्दी. गाव यल्लापूरकडं, रानात. घरात आमची बोली, शाळेत कन्नड. मराठी बेळगावात शिकलो, हॉस्टेलवर."

"म्हणजे तुम्ही... इंडियन?"

प्रश्न तोंडातून गेला आणि तिला तो परत घ्यावासा वाटला. त्याची सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"होय की," तो म्हणाला. "आमची माणसं फार जुन्या काळी आफ्रिकेतनं आणली गेली. गुलाम म्हणून, जहाजात घालून. गोव्यातनं काही पळाली, घाट चढून रानात शिरली. त्यांचीच आम्ही पोरं. आता बसा. ह्यो पाऊस थांबायचा नाही."

ती बसली. बाकाच्या अगदी कडेला.

*

शनिवारी दुपारी बाओबाब हाउसमध्ये कुणीही यावं, सोबत एक जुना कपडा आणावा आणि शिवायला बसावं, असा बेत होता. तो बेत अमाचा. अमा या जागेची सर्वेसर्वा. तिचे आईवडील घानाचे, ती वाढली इथंच जवळ, टॅकोमात. साठीच्या पुढची, केसांना रंगीत फडकं बांधलेली, मोठ्यानं हसणारी बाई. आफ्रिकेतून जगभर गेलेल्या, नेल्या गेलेल्या माणसांची मुलंबाळं काय काय करतात, ते एका छताखाली दिसावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्या हिवाळ्यात तिच्याकडे सेनेगलची एक चित्रकार होती, त्रिनिदादचा एक ढोलवाला होता, आणि मंजुनाथ होता.

"आमच्याकडे बाओबाबला गोरखचिंच म्हणतात," चारुता पहिल्याच शनिवारी अमाला म्हणाली. अमानं तो शब्द चारदा म्हणून पाहिला आणि चारही वेळा वेगळाच म्हटला.

चारुता आणायचा म्हणून एक जुना सुती कुर्ता घेऊन गेली होती. मंजुनाथनं तो हातात घेतला, उजेडात धरला, फाडू का असं डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान हलवली. कापड फाटल्याचा तो आवाज... तिला उगाचच बरा वाटला.

"ही गोधडी का?" तिनं विचारलं.

"आम्ही कवंदी म्हणतो. आमच्याकडं बायाच शिवतात. मी आईच्या मांडीवर बसून बघत बघत शिकलो. पोरं हसायची." त्यानं तिच्यासमोर कापडाची कड धरली. "इथनं सुरू करायचं. कडेनं. गोल गोल फिरत आत जायचं. मधे पोचलो की संपली."

"मधून सुरू केलं तर?"

"घाई असणारी माणसं तसं करतात," तो म्हणाला.

त्यानं तिला टाके दाखवले. तिचे वाकडे गेले. लॅबमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब चुकू न देणारी तिची बोटं इथं आंधळी झाल्यासारखी चाचपडत होती. तो हसला नाही. नुसतं तिच्या बोटाखालचं कापड किंचित ताणून धरलं, आणि टाका सरळ आला.

"आणि कोपऱ्यात हे काय?"

"ही फुलं." चौकोनी तुकड्याची घडी घालून, पुन्हा घालून, त्यानं कोपऱ्यावर एक छोटं टोक बसवलं. "फुलं नसली तर कवंदी उघडी म्हणतात. अंगावर काही नसल्यासारखी. कुणाला द्यायची नाही तशी."

त्यानंतरचा एकही शनिवार तिनं चुकवला नाही. मग बुधवारही येऊ लागली. बुधवारी शिवण नसायचं.

"आज काय काम काढलंत?" तो विचारायचा.

"काही नाही. इकडून जात होते."

"तुमचं घर तर त्या बाजूला आहे."

"तुम्ही काय करून राहिले, ते बघायला आले," ती म्हणाली, आणि तिची अस्सल नागपुरी बाहेर पडल्याचं पाहून त्याच्या एका गालाला खळी पडली. इतके दिवस तिनं ती नागपुरी पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसमोर घडी घालून ठेवली होती. इथं ठेवायची गरज वाटेना. तो बेळगावी बोलायचा, ती नागपुरी. मधल्या वाटेवर कुठंतरी दोघं भेटायची.

तो कधीकधी सांगायचा. शिकायला गेला तेव्हा घर भाड्यानं द्यायला मालकानं पासपोर्ट मागितला होता, ते. बसमध्ये लोक त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलायचे आणि तो कन्नडमध्ये उत्तर देई तेव्हा सगळी बस वळून पाहायची, ते. सांगताना त्याचा सूर हलका असायचा. पण सुई जरा जोरात टोचली जायची.

"आणि इथे?"

"इथं पहिल्या दिवशी अमानं दार उघडलं आणि म्हणाली, आलास घरी." त्यानं दातानं दोरा तोडला. "मी तिचं घर कधी बघितलं नव्हतं. तिनं माझं नव्हतं. तरी खरं वाटलं बघा."

*

डिसेंबरात एका रविवारी त्याला समुद्र पाहायचा होता. चारुता त्याला एडमंड्सला घेऊन गेली. फेरीबोटीवर गाडी चढवली आणि दोघं वर डेकवर आली. धुकं इतकं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळेना. किनारा मागे विरघळला. सीगल पक्षी बोटीबरोबर असे तरंगत होते, जणू कुणी हवेत टांगून ठेवलेत. थंडीनं तिचे ओठ आखडले होते. त्यानं आपल्या खांद्यावरची कवंदी काढून तिच्या खांद्यावर टाकली; न विचारता, न बोलता.

"तुम्हाला थंडी वाजेल."

"वाजू दे की."

"मग अर्धी घ्या."

दोन माणसांत एक कवंदी घ्यायची तर जवळ उभं राहावं लागतं. ती दोघं तशी उभी राहिली. कापडाला जुन्या सुताचा, धुराचा, त्याच्या गावाचा वास होता.

"मंजुनाथ," ती धुक्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही मला अजून तुम्ही का म्हणता?"

"तुम्ही म्हणता म्हणून."

"मी थांबले तर?"

बोटीचा भोंगा वाजला, लांब, ओला. तो विरून गेल्यावर मंजुनाथ हळूच म्हणाला, "चारुता... तुझे हात गार पडलेत."

एवढंच. पण त्या "तुझे"नं तिच्या आत काहीतरी उबदार होऊन बसलं.

परतताना तो म्हणाला, "फेब्रुवारीच्या शेवटी माझी मुदत संपते."

"माहीत आहे."

"मी इथं राहायला आलेलो नाही. गावात आईबरोबरच्या बाया आहेत, त्यांच्यासाठी शिवायची जागा बांधायचीय. तुला आधीच सांगितलेलं बरं."

ती गाडी चालवत राहिली. वायपर काच पुसत होते, काच पुन्हा धूसर होत होती. "मी विचारलंय का काही?" ती म्हणाली.

"नाही. म्हणून तर सांगितलं."

*

जानेवारीत ते घडलं.

सुनेत्रा काकू आणि चंद्रशेखर काका चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आले. काका डॉक्टर, आता निवृत्त. चारुता नवीन आली तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याकडेच राहिली होती. चारुताचे बाबा काकांचे मावसभाऊ. संक्रांतीच्या गुळपोळ्या घेऊन काकू न सांगता-सवरता दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मंजुनाथ स्वयंपाकघरात चहा ओतत होता.

"हॅलो," काकू त्याच्याकडे पाहून गोड हसल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाल्या, "आर यू हर नेबर?"

तो उत्तर देणार होता. मराठीतच देणार होता. त्याच्या चेहऱ्यावर ते गमतीचं हसू उमटलंही होतं. पण त्याआधी चारुता बोलून गेली.

"हो काकू. शेजारी. साखर मागायला आलेत."

का, ते तिला नंतर कितीही विचार करून सांगता आलं नाही. काकूंचा फोन संध्याकाळच्या आत नागपूरला जातो म्हणून? की आईच्या चेहऱ्याची कल्पना करवेना म्हणून? काहीही असो, शब्द गेला होता.

मंजुनाथचं हसू जागच्या जागी विझलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "येस, मॅम," तो म्हणाला. "नेबर." आणि दार हळू लावून निघून गेला.

इतक्या महिन्यांत तिच्या घरात तो पहिल्यांदाच इंग्रजीत बोलला होता.

त्या बुधवारी ती बाओबाब हाउसला गेली. तो बाकावर नव्हता. शनिवारी होता, पण सगळ्यांत होता. तिनं शिवायला घेतलेला तुकडा त्यानं सेनेगलच्या चित्रकार बाईंकडे दिला होता. जाताना तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"मंजुनाथ, मी घाबरले होते."

"कशाला?"

तिनं कोटाची बटणं लावायला घेतली.

"बघ, लोकांनी मला कुठला म्हणून विचारलं तर मला राग येत नाही," तो म्हणाला. आवाज मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. "त्यांना माहीत नसतं. तुला माहीत होतं."

पाऊस नेहमीसारखा हवेत लटकलेला होता. ती त्यातून चालत घरी आली, आणि त्या दिवशी तिला पापण्यांवरचं पाणी कुठलं ते ओळखता आलं नाही.

*

आठवडाभरानं ती काकूंकडे गेली. काकू मटार सोलत होत्या. चारुता समोर बसली, तिनंही शेंगा घेतल्या आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तो शेजारी नाही हे. यल्लापूर, बेळगाव, कवंदी, फेरीवरचं धुकं... धुक्याबद्दल थोडं कमी सांगितलं.

काकूंचे हात थांबले. "मराठी बोलतो?"

"हो."

"मग मी तिथं उभी राहून इंग्रजी काय झाडत होते गं?" त्या स्वतःवरच वैतागल्या. मग पुन्हा सोलू लागल्या. "हे बघ चारू, खोटं नाही बोलत. मला सवय व्हायला वेळ लागेल. तुझ्या आईला त्याहून जास्त लागेल."

"माहीत आहे."

"आम्ही इथं आलो ना, तेव्हा शेजारची बाई मला भेटली की प्रत्येक वेळी विचारायची, परत कधी जाणार. दहा वर्षं विचारत होती." काकूंनी शेंगांची टरफलं गोळा केली. "आणि मी तुझ्या घरात उभी राहून त्या मुलाला पाहुणा ठरवून आले. आपल्याच देशातल्या. काय म्हणावं... तुझं खरंच आहे का त्याच्यावर?"

"हो काकू."

"त्याला सांगितलंस?"

चारुतानं आणखी एक शेंग उचलली.

"मला सांगून काय उपयोग मग," काकू म्हणाल्या.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी बाओबाब हाउसची सगळी दारं उघडी होती. चित्रकार बाईंची निळी चित्रं, ढोलवाल्याचे ढोल, आणि मोठ्या दालनात छतापासून खाली सोडलेली, शनिवारी शनिवारी सगळ्यांनी मिळून शिवलेली ती प्रचंड कवंदी. बॉथेल गावातल्या कुणाकुणाचे कपडे तिच्यात होते: शाळेचे गणवेश, टेबलक्लॉथ, कुणाच्या आजोबांचा खाणीतला शर्ट, चारुताचा कुर्ता. लोक जवळ जाऊन आपापला तुकडा शोधत होते आणि सापडला की बोट लावून उभे राहत होते.

अमा गर्दीतून वाट काढत चारुताकडे आली आणि म्हणाली, मंजुनाथला दोन शब्द बोलायचेत, पण तो म्हणतो इंग्रजीत मनातलं येत नाही. तू भाषांतर करशील का?

"त्यानं माझं नाव सांगितलं?"

"त्यानं नाही. मी सांगतेय," अमा म्हणाली आणि तिला हाताला धरून पुढे नेलं.

दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो मराठीत बोलू लागला. ती मागोमाग इंग्रजीत सांगू लागली. आईची सुई. रान. जहाजं. जे घेऊन जाता येत नाही ते लोक हातात घेऊन जातात, असं तो म्हणाला, आणि चारुतानं ते सांगितलं तेव्हा दालन अगदी शांत झालं. बोलता बोलता दोघांचा एक सूर लागला. तो श्वास घ्यायला थांबे तिथं ती सुरू होई.

"मी इथं आलो तेव्हा," तो म्हणाला, "व्हरांड्यात एक मुलगी भेटली."

तिनं भाषांतर केलं.

"तिनं माझ्या खळ्या चुकीच्या मोजल्या."

लोक हसले. दुसऱ्या रांगेतून, चारुताबरोबर आलेल्या सुनेत्रा काकू, भाषांतराची वाट न बघता, आधीच हसल्या होत्या.

मग तो तिच्याकडे वळला. आवाज खाली आला. "हे नको सांगू त्यांना. मी रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण परत जाताना तुला न सांगता गेलो, तर ही सगळी कवंदी उघडीच राहील बघ. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तुझं काय, ते तू आत्ता सांगायला पाहिजे असं नाही."

दालन वाट बघत होतं. अमानं मान तिरकी केली. तिनं दालनाकडे तोंड केलं आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द नीट उच्चारत, म्हणाली—

"तो म्हणतो की त्याचं माझ्यावर प्रेम आहे. आणि मी म्हणते की माझं त्याच्यावर आहे. मी ते एकदा लपवलं होतं. तेव्हा आता सगळ्यांसमोर सांगतेय."

मग ढोलवाल्यानं ढोलावर एकच थाप मारली, आणि दालन टाळ्यांनी भरून गेलं. मंजुनाथ तिच्याकडे पाहत होता.

"सांगू नको म्हटलं होतं की," तो पुटपुटला.

"कळलं नाही मला. बेळगावी होतं," ती म्हणाली.

सुनेत्रा काकू पुढे आल्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी गुळपोळी न खाता गेलास. हे बरं नाही केलंस."

"चुकलं काकू," तो वाकून नमस्कार करत म्हणाला.

"तुझं नाही चुकलं," काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून डबा काढला.

*

गर्दी ओसरली. पाऊस थांबला होता. नदीपलीकडच्या सिडारच्या झाडांच्या रांगेवर फिकट पिवळा उजेड उतरला होता, इथं हिवाळ्यात क्वचितच मिळतो तसा. दोघं दालनाच्या मागच्या छोट्या खोलीत बसली होती. पुढच्या बुधवारी त्याचं विमान होतं. अमानं त्याला शरद ऋतूत पुन्हा बोलावलं होतं, शनिवारचं शिवण चालवायला. बायांसाठीची जागा उभी राहिली की येतो, असं तो तिला सांगून आला होता. त्याआधी मे महिन्यात चारुताची रजा होती. यल्लापूरला कसं पोचायचं ते त्यानं तिला समजावलं: हुबळीपर्यंत विमान, मग बस, मग त्याची मोटारसायकल.

"आणि त्याच्या आधी नागपूर," चारुता म्हणाली.

"कधी?"

"आत्ता."

तिकडे सकाळ झाली होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला. आई फिरायला निघायच्या तयारीत होती, डोक्याला स्कार्फ, हातात एक बूट.

"चारू? आज इतक्या लवकर? बरी आहेस ना?"

"बरी आहे आई. तुला कुणालातरी भेटवायचंय." आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत तिनं फोन दोघांच्या मधे धरला. "हा मंजुनाथ."

"नमस्कार मावशी," तो म्हणाला.

आई पाहत राहिली. स्क्रीन अडकली की काय, असं वाटावं इतका वेळ. बूट हातातच होता. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून लेकीच्या चेहऱ्यावर आली, तिथं थांबली, बराच वेळ काहीतरी वाचत राहिली. चारुतानं नजर खाली घेतली नाही.

"नमस्कार," आई शेवटी म्हणाली. मग तिनं बूट खाली ठेवला. "थांब. बाबांना बोलावते."

"आई—"

"फोन ठेवू नकोस," आई म्हणाली, आणि फोन टेबलावर उताणा ठेवून आत गेली.

स्क्रीनवर फक्त नागपूरच्या घराचं छत उरलं, आणि संथ फिरणारा पंखा. आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मंजुनाथनं तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. चारुतानं बोटं त्याच्या बोटांत गुंतवली, आणि दोघं त्या पंख्याकडे पाहत, पावलांची वाट बघत बसून राहिली.